गोळ्यांशिवाय दाह आटोक्यात राहतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४. चार महिन्यांपासून दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं दुखतात, सकाळी उठल्यावर तासभर मूठ नीट वळत नाही. रक्ततपासणीत सीआरपी, म्हणजे दाहाची खूण असलेलं प्रथिन, वाढलेलं निघालं. सुरुवातीला आपणहून आयबुप्रोफेन घेतली. घेतली की बरं वाटायचं, सोडली की पुन्हा तेच. आता डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड आणि त्यासोबत मेथोट्रेक्सेट लिहून दिलं आहे. सोबतच्या कागदावरचे दुष्परिणाम वाचून छातीत धस्स झालं. तर आहार, व्यायाम, पूरक कॅप्सूल यांच्या जोरावर हा दाह कमी करता येईल का? आणि औषधं सुरू केलीच तर ती जन्माची मागे लागतील का?

सांध्यांचे आजार तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि हा प्रश्न शब्द बदलून जवळजवळ प्रत्येक नवा रुग्ण विचारतो. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. तुमच्या वर्णनावरून हा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असण्याची शक्यता बरीच दिसते. तसं असेल तर नुसत्या आहार-व्यायामावर भागणार नाही. पण आहार-व्यायामाला काही अर्थ नाही असंही नाही. उलट औषध किती लागेल, किती लागू पडेल आणि पुढे किती कमी करता येईल हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. दाह कुठला आहे आणि तो आत काय बिघडवतोय हे कळल्याशिवाय ‘गोळी हवी की नको’ या वादाला काही बूड नसतं.

तुमचा हात माझ्यासमोर असता तर मी आधी बोटांच्या मुळाशी, मूठ वळल्यावर जे उंचवटे दिसतात तिथे, हात आडवा धरून हलकेच दाबला असता. निरोगी माणसाला यात काही वाटत नाही. आत दाह असेल तर माणूस हात झटकन मागे घेतो, कधी बोलण्याच्या आधीच चेहरा सांगतो. मग एकेक सांधा दोन्ही अंगठ्यांनी चाचपायचा. दाह असलेला सांधा मऊ, फुगीर लागतो आणि दोन हाडांमधली खोबण बुजलेली असते. झिजेमुळे सुजलेला सांधा मात्र टणक लागतो, आणि तो बहुतेक वेळा बोटाच्या टोकाकडचा नाहीतर मधला असतो. झिजेच्या दुखण्यात सकाळचं आखडणं पाच-दहा मिनिटांत सुटतं आणि काम केल्यावर दुखणं वाढतं. दाहाच्या दुखण्यात आखडणं अर्धा-एक तास टिकतं आणि हालचाल सुरू झाली की हात मोकळे होत जातात. तुमचं दुसऱ्या प्रकारात बसतं. दोन्ही हात, लहान सांधे, सकाळचा तासभर, आणि सहा आठवड्यांच्या कितीतरी पुढे गेलेला काळ. या चार गोष्टी एकत्र आल्या की मी थांबत नाही.

आता जरा मागे जाऊ. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणं पहिल्या शतकातल्या रोमन लेखक सेल्ससने लिहून ठेवली आहेत. पाय मुरगळला, बोट कापलं, घशात जंतू शिरले, की हे सगळं होतं आणि ते व्हायलाच हवं. रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी बाहेर पडून जागेवर पोहोचतात, मोडतोड साफ होते आणि दुरुस्ती सुरू होते. काम झालं की शरीर स्वतःच हा कारभार आवरतं घेतं. असा दाह पूर्ण दाबून टाकायची घाई करू नये. मुरगळलेल्या पायावर बर्फ ठेवल्याने वेदना कमी होते, तेवढ्यासाठी पहिल्या एक-दोन दिवसांत दहा-पंधरा मिनिटं ठेवायला हरकत नाही. पण बर्फाने जखम लवकर भरते हा समज आता मागे पडला आहे. विश्रांती-बर्फ-पट्टी-पाय उंच हा सल्ला ज्यांनी १९७८ साली रूढ केला त्या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी, गेब मिर्किन यांनी, पुढे स्वतःच म्हटलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे भरून यायला उशीर होऊ शकतो. दुखणं झेपेल तेवढी हालचाल लवकर सुरू करणं जास्त उपयोगाचं.

तुमचा दाह या जातीचा नाही. आमवातात प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उठते. तिथे बाहेरून आलेला शत्रू नसतो, त्यामुळे ‘काम झालं’ हा क्षण येतच नाही. अस्तर जाड होत जातं, शेजारची कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरची गुळगुळीत गादी, आणि हाड कुरतडतं. हे कुरतडणं पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच एक्स-रेवर दिसायला लागू शकतं आणि एकदा खाल्लेलं हाड कुठल्याही औषधाने पूर्ववत होत नाही. म्हणून लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांच्या आत आजार रोखणारं औषध, म्हणजे मेथोट्रेक्सेटसारखं, सुरू व्हावं, असा आमच्या क्षेत्रातला आग्रह असतो. तुम्ही चौथ्या महिन्यात आहात. घाबरण्यासारखं काही नाही, पण ‘सहा महिने नैसर्गिक उपाय करून बघू, मग ठरवू’ एवढी सवडही नाही.

सीआरपीबद्दल दोन शब्द, कारण लोक त्या आकड्यालाच आजार समजतात. हे प्रथिन यकृत तयार करतं. शरीरात कुठेही दाह पेटला की सहा-आठ तासांत वाढायला लागतं, साधारण दोन दिवसांत शिखर गाठतं, आणि कारण गेलं की झपाट्याने उतरतं. रक्तातलं निम्मं प्रमाण १९ तासांत नाहीसं होतं. पण दाह कुठे आहे हे ते सांगत नाही. हिरड्यांचा आजार, पोटावरची चरबी, सिगारेट, नुकताच होऊन गेलेला सर्दी-ताप, या कशानेही ते थोडं चढतं. उलट आमवात जोरात असूनही सीआरपी नॉर्मल असलेले रुग्ण मी नेहमी बघते. आणखी एक, रिपोर्टवरचं एकक बघा. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रतिलिटर लिहितात, काही प्रतिडेसिलिटर. पहिल्यातला १२ म्हणजे दुसऱ्यातला १.२. दोन वेगळ्या ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘दहापट कमी झालं’ म्हणून लोक औषध सोडतात, तेव्हा हात कपाळाला लावायचा बाकी राहतो. हृदयाचा धोका मोजण्यासाठी जी अतिसंवेदनशील सीआरपी चाचणी करतात, त्यातले १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त हे मिलिग्रॅम प्रतिलिटरमधले टप्पे वेगळ्या कामाचे आहेत. सांध्यांच्या आजाराला ते लावू नयेत.

आता तुम्ही घेत असलेल्या गोळीकडे येऊ. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, ॲस्पिरिन ही सगळी एकाच घराण्यातली. जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवलं की ही औषधं शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांची निर्मिती थांबवतात. १९८२ सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा या कामासाठी होता. प्रोस्टाग्लँडिन्समुळे वेदना आणि सूज वाढते हे खरं, पण तीच रसायनं जठराच्या अस्तराचं ॲसिडपासून रक्षण करतात आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणजे गोळीचा फायदा आणि तोटा एकाच मुळातून येतात. ‘पोटाला त्रास न देणारी’ पेनकिलर शोधण्यातून पुढे निवडक काम करणारी औषधं निघाली, पण त्यांतल्या रोफेकॉक्सिबने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो असं दिसल्यावर २००४ साली कंपनीला ते जगभरातून मागे घ्यावं लागलं. तो धोका कमीजास्त प्रमाणात या घराण्यातल्या बहुतेक औषधांना आहे.

चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून ही गोळी निरुपद्रवी, हा समज सगळ्यात महागात पडतो. चिठ्ठीशिवाय आयबुप्रोफेन घ्यायची तर दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, रिकाम्या पोटी घेऊ नये, आणि दुखण्यासाठी सलग दहा दिवसांपेक्षा जास्त लागत असेल तर गोळी चालू ठेवण्याऐवजी कारण शोधावं. वेगवेगळ्या नावांच्या दोन पाकिटांत एकाच घराण्यातली औषधं असतात. सर्दीच्या गोळीत एक आणि सांधेदुखीच्या गोळीत दुसरी. दोन्ही मिळून फायदा दुप्पट होत नाही, अल्सरचा धोका मात्र वाढतो. पासष्टी ओलांडलेले, पूर्वी अल्सर झालेला, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले, किडनी किंवा हृदय कमजोर असलेले, यांनी विचारल्याशिवाय हात लावू नये. रक्तदाबासाठी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने संपणाऱ्या नावाची गोळी आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर त्यात पेनकिलरची भर पडली की किडनीवर तिहेरी ताण येतो, अशात जुलाब-उलट्या होऊन शरीरातलं पाणी कमी झालं तर किडनी दोन-चार दिवसांत बसू शकते. हृदयासाठी रोज ॲस्पिरिनचा छोटा डोस घेणाऱ्यांनी आयबुप्रोफेनची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी, कारण ती आधी घेतली तर ॲस्पिरिनचं काम अडतं. गरोदरपणात २० आठवड्यांनंतर ही औषधं टाळतात. मुलांना तापात ॲस्पिरिन देत नाहीत.

ॲसिडिटीची गोळी सोबत घेतली की झालं, असंही नाही. तिने जठर वाचतं. किडनी आणि हृदयाला तिचा उपयोग नाही. पॅरासिटामॉलचं पोटाशी वैर नाही, पण त्याने वेदना आणि ताप कमी होतात, सुजलेल्या सांध्यातला दाह नाही. एखाद-दुसराच सांधा दुखत असेल, गुडघा किंवा बोटं, तर डायक्लोफेनॅकचं जेल चांगलं. लोक त्याला कमी लेखतात. रक्तात जाणारं प्रमाण गोळीच्या तुलनेत जेमतेम सहा-सात टक्के असतं आणि वरवरच्या सांध्यांना बऱ्यापैकी आराम पडतो. दिवसातून तीन-चार वेळा, नीट मात्रेत, निदान आठवडाभर लावून बघावं. बोटभर लावून ‘काही फरक नाही’ म्हणू नये.

पण तुमच्या बाबतीत मुख्य मुद्दा वेगळाच आहे. या घराण्यातल्या गोळ्या आमवाताचं दुखणं कमी करतात, हाडाचं कुरतडणं थांबवत नाहीत. गोळी घेतली की बरं वाटायचं आणि सोडली की पुन्हा तेच, याचा अर्थ हाच. दुखणं गप्प आणि आजार चालू.

स्टेरॉइडचं नाव निघालं की समोरच्याचा चेहरा बदलतो. भीती अगदीच निराधार नाही. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला पुढे कॉर्टिसोन म्हणून ओळखलं गेलेलं औषध पहिल्यांदा दिलं, आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. मग मोठ्या डोसांचे महिनोन् महिने चालणारे कोर्स सुरू झाले आणि गोल झालेला चेहरा, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर, जंतुसंसर्ग हे सगळं समोर आलं. आज आपण त्याच औषधाचा वापर बराच आखडता केला आहे. आमवातात छोटा डोस, तोही मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसेपर्यंतचा मधला काळ निभावण्यासाठी, आणि साधारण तीन महिन्यांत उतरवून बंद. डॉक्टरांनी तुम्हाला ‘थोड्या दिवसांसाठी’ सांगितलंय ते याच हिशोबाने.

स्टेरॉइडचं वेळेनुसार रूप कसं पालटतं ते कोविडमध्ये सगळ्यांनी पाहिलं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत २०२० साली रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, जास्तीत जास्त दहा दिवस, एवढ्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांतले एक पंचमांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना मात्र काही फायदा झाला नाही, झाला तर तोटाच. पहिल्या आठवड्यात प्रतिकारशक्ती विषाणूशी लढत असते, तेव्हा तिचे हात बांधून चालत नाही.

तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर किडनीच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइडचं उत्पादन थांबवतात आणि त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. डोस जेवढा उतरवायला सांगितला तेवढाच, त्या तारखेला. सकाळी खाण्यानंतर घ्या, मधुमेह असेल तर साखर जास्त वेळा तपासा, आणि कोर्स लांबणार असेल तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल पहिल्याच भेटीत विचारा, कारण हाडं सर्वांत वेगाने पहिल्या काही महिन्यांतच विरळ होतात.

इथे एक गोष्ट बजावून सांगते. ज्याच्या घटकांची यादी नाही अशी सांधेदुखीची ‘पूर्णपणे नैसर्गिक’ पूड किंवा कॅप्सूल दोन दिवसांत चमत्कार करत असेल, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्या. असे प्रकार अनेक देशांच्या औषध नियंत्रकांनी उघडकीला आणलेत. वनस्पतीजन्य गोष्टी इतक्या झटपट काम करत नाहीत. गोळ्यांच्या भीतीने पळालेला माणूस नेमका मोजमाप नसलेलं स्टेरॉइड महिनोन् महिने खात राहतो, आणि पूड संपली म्हणून अचानक थांबतो.

मेथोट्रेक्सेट. कागद वाचून धस्स झालं ते बहुधा याच्यामुळे. हे मूळ कर्करोगाचं औषध, पण तिथले डोस आणि इथले डोस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमवातासाठी आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. अमेरिकेत १९८८ साली या आजारासाठी त्याला रीतसर मान्यता मिळाली आणि अजूनही जगभर बहुतेक डॉक्टर सुरुवात त्यानेच करतात, कारण इतक्या वर्षांच्या वापरानंतर ते कुठे चुकतं हे आम्हाला पाठ आहे.

आणि ते चुकतं तेव्हा बहुतेक वेळा रोज घेतल्यामुळे. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. मी चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ एवढ्यावर सोडत नाही, वार लिहिते, आणि रुग्णाकडून तो वार मोठ्याने म्हणवून घेते. घरी आल्यावर पाकिटावर जाड पेनाने तोच वार लिहा. वृद्ध माणसाची औषधं दुसरं कोणी भरून देत असेल तर त्याला स्वतंत्रपणे सांगा. रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला रक्तपेशी बनवणारा गर, बंद पडते, तोंडात फोड येतात आणि माणूस दगावू शकतो. सोबत फॉलिक ॲसिड दिलेलं असतं ते तोंड येणं आणि मळमळ कमी करण्यासाठी; बहुतेक डॉक्टर ते मेथोट्रेक्सेटच्या वाराला टाळून देतात. मेथोट्रेक्सेट चालू असताना लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कोणी ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक लिहून दिलं, तर घेण्याआधी सांगा की तुम्ही हे औषध घेता. ही जोडी अस्थिमज्जेला घातक आहे. दारू शक्य तो बंदच, कारण दोघांचा भार यकृतावर. मूल हवं असेल तर आधी बोला. गरोदरपणात हे औषध चालत नाही आणि काही महिने आधीच थांबवावं लागतं. रक्तपेशी, यकृत आणि किडनी यांची तपासणी सुरुवातीला दर काही आठवड्यांनी, मग घडी बसल्यावर साधारण तीन महिन्यांनी. तपासणी टाळणारा रुग्ण मला औषध टाळणाऱ्यापेक्षा जास्त काळजीत टाकतो.

परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणारे खूप. पुरेशा डोसवर तीन महिन्यांत ठळक सुधारणा नसेल, किंवा सहा महिन्यांत आजार शांत झाला नसेल, तर औषध बदलतात किंवा भर घालतात. पुढच्या टप्प्यावर बायोलॉजिक, म्हणजे दाहाचा एखादाच दुवा नेमका अडवणारी, इंजेक्शनं येतात. त्यांतल्या टीएनएफ नावाच्या रेणूला अडवणाऱ्या औषधांनी शरीरात झोपलेला क्षयरोग जागा होऊ शकतो, म्हणून त्याची आणि हिपॅटायटिस बी-ची तपासणी आधी. तुम्हाला तिथवर जावं लागेलच असं नाही.

आता गोळ्यांविना काय, यावर. इथे मी व्यायामाला पहिला नंबर देते, आहाराला नाही, आणि बऱ्याच जणांना याचं नवल वाटतं. काम करणारा स्नायू स्वतः रसायनं सोडतो आणि त्यांतून दाह शमवणाऱ्या संदेशांची साखळी सुरू होते. शिवाय स्नायू बळकट झाला की सांध्यावरचा भार कमी होतो. सुजलेल्या सांध्याला व्यायामाने इजा होईल ही भीती जुनी आहे. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत औषधं चालू असलेल्या आमवाताच्या रुग्णांना हातांचे ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम शिकवले. वर्षभरानंतरही त्यांचे हात नेहमीचीच काळजी घेतलेल्यांपेक्षा चांगले चालत होते, आणि दुखणं वाढलं नव्हतं. सांधा लालभडक, गरम असेल त्या दिवशी ताकदीचा व्यायाम नको, पण तो सांधा दिवसातून दोन-तीनदा पूर्ण घेरात हलवायचाच. इतर दिवशी चालणं, पोहणं, सायकल, जे जमेल ते, आठवड्याला १५० मिनिटांच्या दिशेने हळूहळू. आणि दोन दिवस ताकदीचे. व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणं नेहमीपेक्षा जास्त असेल तर पुढच्या वेळी थोडं कमी करा. बंद करू नका.

सिगारेट ओढत असाल तर ती सोडणं हे कुठल्याही आहारापेक्षा मोठं औषध आहे. धुरामुळे आमवात होण्याचा धोका वाढतो, आणि झाल्यावर मेथोट्रेक्सेट लागू पडण्याची शक्यता घटते. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जा. हिरड्यांचा जुना दाह रक्तातली दाहाची पातळी वाढती ठेवतो आणि त्याचा आमवाताशी संबंध आहे. वजन जास्त असेल तर पोटावरची चरबी स्वतःच दाह वाढवणारी रसायनं तयार करते. गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांत मोजलं गेलंय की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त जाणवतं, हे रुग्ण मला सांगतात आणि प्रयोगही तेच दाखवतात.

आहारात फळं-भाज्या, डाळी, कडधान्यं, सुकामेवा, मासे, वनस्पती तेलं जास्त आणि गोड पेयं, कारखान्यातले तयार पदार्थ कमी, एवढंच. याने फरक पडतो, पण मध्यम. ‘अमुक पदार्थ सोडला आणि आमवात गेला’ हे ऐकलं की मी विचारते, औषध चालू होतं का? बहुतेक वेळा होतं. आठ-दहा पदार्थ एकदम सोडून अशक्त होण्यापेक्षा एखाद्या पदार्थावर संशय असेल तर तो तीन आठवडे थांबवून पुन्हा खाऊन बघा.

पूरक गोळ्यांत माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ च्या मागे खरा पुरावा आहे, पण डोस बघा. आमवातात ज्या चाचण्यांत फायदा दिसला त्यांत ईपीए आणि डीएचए, म्हणजे ओमेगा-३ चे दोन मुख्य घटक, मिळून रोज सुमारे ३ ग्रॅम, किमान तीन महिने दिलेलं होतं. नेहमीच्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये हे दोन मिळून ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे रोज एक कॅप्सूल घेऊन मनाचं समाधान तेवढं होतं. आणि मोठ्या डोसमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो, त्यामुळे तोही विचारूनच. कर्क्युमिनने झिजेच्या गुडघेदुखीत काही जणांना आराम पडतो. पण ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात, आणि अशा जास्त शोषल्या जाणाऱ्या कॅप्सूलनी यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मेथोट्रेक्सेट आधीच यकृतावर नजर ठेवायला लावतं. त्यात ही भर मी तुम्हाला सुचवणार नाही. स्वयंपाकातल्या हळदीला अर्थात हे लागू नाही.

गोळ्यांशिवायचे उपाय जिथे खरोखर आघाडीवर असतात ते दुखणं तुमचं नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. गुडघ्याची झीज, साधी पाठदुखी, मुरगळा, इथे व्यायाम आणि वजन आधी आणि गोळी गरजेपुरती. गाउटमध्ये, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणाऱ्या आजारात, उलटं. झटका उतरवायला कोल्चिसिन, पेनकिलर किंवा स्टेरॉइड, पण वारंवार झटके येत असतील तर युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरच्या खाली ठेवणारी रोजची गोळी लागते. पथ्याने ते एक-दीड अंकाने उतरलं तरी खूप.

काही वेळा कुठलीही तुलना करत बसायची नाही. एकच सांधा अचानक लाल, गरम, प्रचंड दुखरा आणि सोबत ताप असेल तर सांध्यात पू असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय. पेनकिलर चालू असताना शौचाला डांबरासारखं काळं झालं तरी तेच. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, चावताना जबडा भरून येणं किंवा नजर अंधुक होणं, हा डोक्याच्या धमन्यांचा दाह असू शकतो, आणि स्टेरॉइड तातडीने मिळालं नाही तर दृष्टी कायमची जाते. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला आणि दम असं काही सुरू झालं तर पुढचा डोस घेऊ नका, फोन करा.

जन्माची मागे लागतील का? क्रम असा असतो. आधी स्टेरॉइड उतरतं. सांधे शांत झाले की पेनकिलर आपोआप सुटते. आजार निदान सहा महिने पूर्ण शांत राहिला की मेथोट्रेक्सेटचा डोस हळूहळू कमी करून बघता येतो. पूर्ण बंद केल्यावर बऱ्याच जणांचा आजार परततो, म्हणून मी शून्यावर जायची घाई करत नाही. छोट्या डोसवर वर्षानुवर्षं व्यवस्थित कामं करणारे लोक खूप आहेत. ज्यांना औषधाशिवाय राहता येतं, त्यांत लवकर सुरुवात केलेल्यांचं आणि सिगारेट न ओढणाऱ्यांचं प्रमाण जास्त असतं.

या आठवड्यात एवढं करा. अँटी-सीसीपी आणि ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर या आमवाताच्या रक्ततपासण्या झालेल्या नसतील तर विचारा, आणि दोन्ही हात-पावलांचा एक्स-रे काढून ठेवा, पुढे तुलनेला लागतो. पहिला डोस घेण्याआधी रक्तपेशी, यकृत, क्रिएटिनिन (किडनीसाठी), हिपॅटायटिस बी आणि सी यांचे रिपोर्ट हातात असू द्यात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची, पूरक कॅप्सूलसकट, यादी सोबत न्या. लसी राहिल्या असतील तर आत्ताच विचारा, कारण जिवंत जंतूंच्या लसी पुढे देता येत नाहीत. आयबुप्रोफेन तोवर घ्यायचीच असेल तर खाण्यानंतर, कमीत कमी डोसमध्ये. आणि स्टेरॉइड सुरू झालं की विचारल्याशिवाय दोन्ही एकत्र नकोत, अल्सर होण्याची शक्यता त्या जोडीने खूपच वाढते.